बोटं घराकडं

१

शहापूरच्या एसटीत राघो चढला की कंडक्टर आधीच हसायला लागायचा, कारण पुढचा खेळ त्याला पाठ होता. राघो कुबड्या खिडकीच्या गजाला अडकवणार, बाकावर टेकणार, शेजारी कुणी इस्त्रीच्या शर्टातला परका माणूस बसला की जरा दम खाणार आणि मग अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोंबलणार, "अवो सायब, पाय! माझ्या पायावर पाय दिलाय तुमी!" तो बिचारा चटका बसल्यासारखा पाय उचलायचा, सॉरी सॉरी म्हणत खाली वाकायचा, आणि बघतो तर राघोच्या उजव्या गुडघ्याखाली वीतभर थोटूक, त्यावर लेंग्याची गाठ, आणि गाठीखाली नुसता गाडीचा पत्रा.

मग गाडी हसायची. सगळ्यांत मोठ्यानं राघो हसायचा. साठी उलटलेला हा माणूस चौथीपर्यंत शिकला होता, तेही गुरुजींनी हात टेकले म्हणून वर ढकलला होता. सापगावात ज्याची त्यानं फिरकी घेतली नाही असा माणूस नव्हता. गावचा सरपंच, देवळातला गुरव, खुद्द स्वतःचा मेव्हणा, कुणी सुटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यानं गाडीत कुणाला सांगितली नव्हती. त्या परक्या माणसाचा पाय तिथं पडला की खरंच दुखायचं.

दोन हजार दोनच्या पौषात म्हशाच्या जत्रेतून येताना टेम्पो वळणावर उलटला. फळीखाली दोघांचे पाय सापडले. उजवा राघोचा, डावा मुरबाडकडच्या एका वाडीतल्या बुध्याचा. दोन्ही पाय ठाण्याच्या दवाखान्यात एकाच दिवशी कापले. पाय गेला, दुखणं राहिलं. थोटकात आग व्हायची ती वेगळी. पण जो पाय नव्हताच, त्याची बोटं आत वळून मूठ झाली होती, आणि त्या मुठीची नखं तळव्यात रुतत होती. तळवा नाही, नखं नाहीत, तरी रुतत होती. गावाला हसवून झालं की राघो घरी यायचा आणि उशीचा कोपरा दातात धरायचा. त्याची बायको देवकी शेजारी बसून हवेतच हात फिरवायची, जिथं पोटरी असायला हवी तिथं.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधांनी जमलं नाही तर माघात आणखी एकदा कापू, गुडघ्याच्या वर. राघोला त्याचीच धास्ती. तो देवकीला म्हणायचा, "गुडघा हाय तवर मानूस मानसासारखा बसतो गो. त्याच्यावरून गेला तं नुसता ओंडका."

२

म्हणून दर बुधवारी शहापूर. तिथं दवाखान्याच्या मागच्या खोलीत मुंबईहून डॉक्टर मनस्वी यायची. पाय तुटलेल्या माणसांच्या अशा दुखण्यावर कुठला उपाय चालतो, याचा ती अभ्यास करत होती. काहींना गोळ्या, काहींना थोटकावर मालिश, काहींना विजेच्या यंत्राच्या मुंग्या. राघो आणि बुध्याच्या वाट्याला आरसा आला.

आरसा म्हणजे कपाटाचा, लांबट. तो दोन्ही मांड्यांच्या मध्ये उभा धरायचा, थोटूक मागं लपवायचं आणि धडधाकट पायाचं आरशातलं रूप बघायचं. डोळ्यांना वाटतं, दोन्ही पाय आहेत.

"काका, आता दोन्ही पायांची बोटं हळूहळू उघडा," मनस्वी म्हणाली. "आरशातल्या पायाकडेच बघा."

"बाय, हा तं डावाच पाय हाय, उलटा करून दाखवतेस. माझी चौथी झालीय, एवढा कळतो मला."

"कळू दे. पायाला कळायला नको."

राघो खो खो हसला. पण चौथ्या बुधवारी, आरशात बघता बघता, ती मूठ सुटली. एकेक बोट उघडलं, शेवटी अंगठा. राघोनं आरसा बाजूला ठेवला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर डोकं टेकून रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या रात्री तो सहा तास झोपला.

दोघांना घरी न्यायला एकेक आरसा मिळाला आणि एकेक कागद. रोज वीस मिनिटं पाय हलवायचा, आणि किती दुखलं, पायाला काय वाटलं, ते लिहायचं. बुध्याचं त्याची सून वर्षा लिहून द्यायची. बुधवारी भेट झाली की दोघं बाजारात जाऊन चपलांचा एकच जोड मागायचे आणि एकेक वाटून घ्यायचे. दुकानदाराचं तोंड बघायला म्हणून राघो मुद्दाम विचारायचा, "याची उजवी नि माझी डावी, पसंत पडली नाय तं एकेकानं बदलून मिळंल ना?"

३

पहिली विपरीत गोष्ट अगदी साधी होती. राघो ओटीवर बसून भाकरी खात होता आणि पाय ओला झाला.

डावा नव्हे. नसलेला.

त्यानं खाली बघितलं. जमीन कोरडी, सारवलेली. तांब्या लांब. तरी घोट्यापर्यंत गार पाणी, आणि पानं कुजल्यावर होतो तसा बुळबुळीत चिखल बोटांच्या फटीत. त्यानं कागदावर लिहिलं, "पाय ओला. चीखल." देवकीला दाखवून म्हणाला, "बघ, माझा पाय लावणीला गेलाय, मी हितं भाकरी मोडतोय." देवकी हसली. तोही हसला, पण भाकरी तशीच राहिली.

पुढच्या बुधवारी मनस्वी म्हणाली, असं होतं. पाय नसला तरी डोक्यात पायाची जागा शिल्लक असते, जुन्या आठवणी उठतात. राघोला ते पटलं. चिखलात साठ वर्षं गेली होती, आठवणी कमी नव्हत्या.

मग दोन दिवस खरखरीत गोलसर लोखंड, उन्हानं तापलेलं. तानसाचं पाणी मुंबईला नेणारा तो मोठा नळ असतो ना, त्याच्यावर अनवाणी चढलं की लागतं तसं. हीसुद्धा आठवण असेल, राघोनं ठरवलं. लहानपणी तो त्या नळावरून चालला होता. पण आठवणीत आपण कुठं जातोय ते माहीत असतं. इथं पाय टेकत होता, अंगाचा भार घेत होता, उचलला जात होता, पुन्हा टेकत होता. आणि राघो खाटेवर आडवा होता. त्यानं पाय थांबवायचं ठरवलं. पाय थांबला नाही.

त्यानं मोजून बघितलं. टेकला. मग मध्ये एक रिकामा ठोका. पुन्हा टेकला. लंगडी घालणारा माणूस असा चालत नाही, हे राघोला आता चांगलं ठाऊक होतं. लंगडीत मधला ठोका नसतो. मधला ठोका दुसऱ्या पायाचा असतो.

कागदावर दुखण्याच्या खान्यात त्यानं शून्य लिहिलं. दुसऱ्या खान्यात काहीच लिहिलं नाही.

४

पुढच्या बुधवारी मनस्वीला यायला उशीर झाला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर दोघंच. बुध्याचा चेहरा भरलेला, केसांना तेल.

"बुध्या, तुला चालल्यासारखा वाटतो का रे?"

"वाटतो ना दादा. मजा येते. आता पन चालतोच हाय."

"आता?"

"हां. खडीवर. रूळाच्या बाजूला असते तशी."

राघोच्या पायाखाली खडी होती. टोकेरी, सैल, टाचेखाली सरकणारी. सकाळपासून.

"असं कर," राघो म्हणाला, "पाय टेकला की मांडीवर थाप मार. मी पन मारतो."

बुध्याला वाटलं, म्हाताऱ्याचा नवा खेळ. त्यानं थाप मारली. मग राघोनं मारली. मग बुध्यानं. ठप. ठप. ठप. ठप. एकाच्या मध्ये दुसऱ्याची, मागं नाही, पुढं नाही. राघोनं डोळे मिटून घेतले. कानाला ऐकू येत होतं ते साधं होतं, रस्त्यानं एक माणूस चाललाय, घाई नाही, दमही नाही. मग दोघांच्याही थापा एकदम थांबल्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बऱ्याच वेळानं जमीन बारीक थरथरली आणि निवली. मग पुन्हा ठप, ठप.

"गाडी गेली वाटतं," बुध्या म्हणाला. "गाडी जाऊ दिली."

मनस्वी दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती हसली. "काका, बुध्यालापण सामील केलंत का तुमच्या नाटकात?"

"बाय, देवाशपथ नाटक नाय हा."

"मागच्या वेळी शपथ घेऊनच तुम्ही म्हणाला होतात की थोटकाला पालवी फुटलीय."

म्हणाला होता खरा. इतकी वर्षं लोकांना हसवून राघोनं हे कमावलं होतं, त्याच्या शपथेवर आता कुत्रंही भुंकलं नसतं.

तरी पोरगी प्रामाणिक. तिनं दोघांना दोन खोल्यांत बसवलं, दारं लावली, हातात घड्याळं दिली आणि पाय टेकल्याची वेळ लिहायला लावली. नंतर दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. वरून खाली बोट नेलं. पुन्हा वर आली, पुन्हा खाली.

"तुम्ही एकाच अपघातातले आहात," ती म्हणाली. "त्यामुळे काहीतरी असेल." मग कागद तिनं फाइलीत ठेवले नाहीत. घडी घालून पर्समध्ये टाकले.

५

कापलेला पाय दवाखान्यातून घरच्यांच्या हाती देतात आणि घरचे तो पुरतात. राघोचा पाय त्याचा मेव्हणा कमळू घेऊन गेला होता. पेरत्या वावरात असलं काही पुरायचं नाही, म्हणून आपल्या गावाकडं, तानसाच्या अंगाला, सागाच्या रानात. दोन वर्षांत राघोनं त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. आता विचारला.

"पुरला ना दाजी नीट. मीठ घातला, हळद-कुंकू वाहिला, नारळ फोडला."

"नारळ कुनी खाल्ला?"

"मीच." कमळू ओशाळला. मग म्हणाला, "बुध्याच्या घरचा कोनी आलाच नव्हता तेवा. दवाखान्यातला मानूस बोलला, हा पन तुमीच घेऊन जा. मी घेतला."

"मग?"

"मग काय. पौषातली कडक जमीन. दोन खड्डे कोन खनील? एकाच गोनीत घातले."

"कसे घातले, कमळ्या?"

"नीटच घातले ना! असेतसे फेकले नाय. जोडीनं लावले. डावा डावीकडं, उजवा उजवीकडं. वरून सुतळीनं बांधले, कोल्ह्यानं एखादा ओढला तं दुसरा एकटा नको र्‍हायला. नि बोटं केली तुमच्या घराकडं." त्याला वाटलं दाजी शाबासकी देतील. "मानसाला घराकडंच तोंड करून ठेवावा, नाय का?"

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षा करून गेले. रानात उन्हाच्या चकत्या पडल्या होत्या. जागा कमळूनं लगेच दाखवली. जमीन सपाट, वर सागाची मोठाली वाळकी पानं, कुठं उकरल्याची खूण नाही. राघोच्या जिवात जीव आला. आहेत म्हणायचे इथंच.

"उकरून बघू?" कमळूनं पहार उचलली.

राघोला सांगता येईना की आत काय निघालेलं त्याला हवंय. "नको. नुसती खुपसून बघ."

कमळूनं पहार उभी धरून जोर दिला. ती हातभर आत गेली, कशातही न अडकता. राघोनं दात आवळून धरले होते. पायाला पहार लागायला हवी होती. लागली नाही. त्या क्षणी त्याच्या उजव्या तळव्याखाली डांबर होतं, ऊन खाऊन मऊ झालेलं, आणि पाय भराभर उचलले जात होते, आग्रा रोड ओलांडताना माणूस उचलतो तसे.

६

त्यानं आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. पाय हलवणं बंद केलं. देवकीनं विचारलं, तर म्हणाला, बरा झालोय, आता कशाला? देवकी खूश होती. नवरा झोपत होता, जेवत होता. माघातलं कापणं टळलं म्हणून तिनं देवीला खण बोलला होता.

पण पाय चालायला आता आरसा लागत नव्हता. एका दुपारी घोट्याला नदीचं पाणी लागलं, भातसाचं. गुडघ्याशी यावं इतकं वर आलं आणि उतरलं. पूल सोडून पात्रातनं का? राघो विचार करत राहिला आणि मग त्यानं विचार करणं सोडलं, कारण उत्तर त्याला सुचलं होतं. पुलावर माणसं असतात.

नदीच्या अलीकडं सापगाव.

बुधवारी त्यानं बुध्याला कमळूच्या गोणीचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "मूठ वळ रे. बोटं आत घे, होती तशी. दुखंल, पन थांबंल. मी करून पायलंय. घट्ट वळली की पाऊल उचलत नाय."

बुध्यानं त्याच्याकडं येड्याकडं बघावं तसं बघितलं. "दादा, दोन वरसं मी जनावरासारखा वरडलो. पोरं झोपडी सोडून भायेर झोपत. आता चालतो तं दुखत नाय. चालू दे ना."

"तो कुठं येतोय ते ठाऊक हाय का तुला?"

"कुठं पन जाईना. माझ्याकडं थोडीच येतो?" आणि बुध्या हसला, वाईट मनानं नाही, सुटलेला माणूस हसतो तसा. "बोटं तुमच्या घराकडं केलीत, तुमच्या मेव्हन्यानं."

मनस्वीनं त्या दिवशी राघोचा कागद बघितला. शून्य, शून्य, शून्य. ती म्हणाली, "काका, तुम्ही माझे सगळ्यांत चांगले पेशंट आहात." पण बोलताना ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. लेंग्याच्या गाठीखाली, फरशीवर, बघत होती.

७

मार्गशीर्षातली दुपार. अंगणभर भात वाळत घातलेलं. असं भात मधून मधून खालीवर करावं लागतं, आणि त्याला हत्यार लागत नाही. माणूस त्यातून पाय घासत चालतो, दोन पायांमागं दोन चर पडतात, खालचे दाणे वर येतात. राघो पूर्वी हे करायचा. आता देवकी करायची. पण आत्ता ती ओटीवर, अंगणाकडं पाठ करून, मान खाली घालून तांदूळ पाखडत होती. राघो आत खिडकीशी खाटेवर.

सकाळपासून पायाला धसकटं टोचत होती, कापलेल्या शेताची. मग बांध. मग शेणानं सारवलेली जमीन, कोवळी, उन्हात कोमट. मग बोटांच्या फटीत दाणे शिरले.

राघोनं गजातून बाहेर बघितलं.

अंगणात कुणी नव्हतं. भाताच्या पलीकडच्या कडेला दोन चर सुरू झाले होते, हातभर लांब. ते वाढत होते. एक पुढं सरकायचा, थांबायचा, मग दुसरा. सर्र. सर्र. दाणे दोन्ही बाजूंना सावकाश लवंडत होते. चरांच्या वर ऊन होतं, उन्हात भुसकट तरंगत होतं, आणि एका ठिकाणी, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, ते भुसकट बाजूनं वळून जात होतं.

"बरा झाला फिरवताय ते," देवकी मान वर न करता म्हणाली. "कुबडी घसरंल, जपून."

राघोला हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि त्याला कळलं की हाक मारणं आणि पाय धरून ठेवणं, दोन्ही एकदम जमणार नाही. त्यानं तोंड मिटलं, डोळे मिटले आणि सगळा जीव त्या नसलेल्या पायात ओतला. बोटं आत. आणखी आत. दोन वर्षांचं दुखणं एका दमात परत आलं, मांडीतून वर, पोटात, दातांत. नखं तळव्यात रुतली. यावेळी ती त्यानं स्वतः रुतवली आणि धरून ठेवली. जवळ उशी नव्हती, त्यानं मनगट दातात धरलं. ही मूठ आता आयुष्यात सोडायची नाही. झोप गेली तर गेली. आणि माघात कापायचं नाव कुणी काढायचं नाही, कारण कापलं तर हा पाय धरणार कोण?

सर्र थांबलं.

राघोनं डोळे उघडले. उजवा चर अंगणाच्या मधोमध संपला होता. त्याच्या टोकाशी दाणे थरथरत होते, दाव्याला ओढ बसलेल्या जनावराच्या पायाखाली थरथरावेत तसे. पण पाऊल पुढं येत नव्हतं. धरलं होतं. त्यानं धरलं होतं.

मुरबाडकडं, एका वाडीत, बुध्या जेवून आडवा झाला असेल. बिनघोर, हातपाय सैल सोडून.

धप्प.

डाव्या बाजूला भातात एक खळगा पडला, दाणे उडाले. सुतळी तुटल्यासारखा बारीक आवाज झाला. जरा दम. धप्प. दुसरा खळगा, हातभर अलीकडं. मधला ठोका आता नव्हता. राघोला ती चाल ओळखता आली. दोन वर्षं तो स्वतः तसाच चालत होता. धप्प. भात संपलं. पुढं ओटीची पायरी.

राघोच्या मनगटातून रक्त आलं. ओरडावं तर मूठ सुटेल आणि दुसराही येईल. न ओरडावं तर. त्यानं गजावर डोकं आपटलं, एकदा, दोनदा.

"अगो बाय, आलात पन? किती घाई," देवकी सुपाकडं बघतच म्हणाली. "बसा जरा. दमला असाल." आणि आपल्या शेजारी ओटीवर सांडलेले तांदूळ तिनं हातानं बाजूला लोटले, एका माणसाला टेकता येईल इतके.